केमोथेरपीआधीचे पंधरा दिवस

हिंगणा (जि. नागपूर), प्रतिनिधी

मुंबई उच्च न्यायालयात जून २०२५ मध्ये एक वेगळीच याचिका सुनावणीस आली. कर्करोगाने मरण पावलेल्या अविवाहित मुलाचे गोठविलेले वीर्य आपल्या ताब्यात मिळावे, अशी त्याच्या आईची मागणी होती. केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी त्याने ते मुंबईतील एका केंद्रात जतन करून ठेवले होते. मात्र, आपला मृत्यू झाल्यास नमुना नष्ट करावा, हा पर्याय त्याने संमतिपत्रावर निवडला होता. हा निर्णय त्याने घरच्यांना न विचारता घेतला, असे आईचे म्हणणे होते. न्या. मनीष पितळे यांनी २५ जून २०२५ रोजी अंतरिम आदेश देऊन, याचिका प्रलंबित असेपर्यंत नमुना सुरक्षित ठेवण्यास केंद्राला सांगितले. नमुनाच नष्ट झाला, तर याचिकेला अर्थ उरणार नाही, हे त्यामागचे कारण.

न्यायालयापुढे आलेला हा वाद मृत्यूनंतरचा आहे. त्याचे मूळ मात्र निदान आणि पहिली केमोथेरपी यांच्यामधल्या मोजक्या दिवसांत आहे. घर हादरलेले असते, पैशाची जुळवाजुळव सुरू असते आणि त्याच गडबडीत एका छापील कागदावर खूण करायची असते. मुंबईतील त्या तरुणाला निदान तो कागद मिळाला. हिंगण्यासारख्या तालुक्यातील रुग्णाच्या बाबतीत प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. असा पर्याय असतो, हे त्याला वेळेत सांगितले जाते काय?

उपचार जवळ, पर्याय दूर

वैद्यकीय सोयींच्या बाबतीत हिंगणा मागास म्हणता येणार नाही. डिगडोह आणि वानाडोंगरी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. जानेवारी २०२० पासून मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत धावू लागल्याने एमआयडीसीतील कामगाराला नागपूर शहर गाठणे सोपे झाले. शहरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेडिकल’ आहे आणि वर्धा मार्गावर जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईची गाडी पकडण्याखेरीज गत्यंतर नाही, अशी पूर्वीची स्थिती आता राहिलेली नाही.

टेस्ट ट्यूब बेबीची केंद्रे मात्र बहुतांशी खासगी आहेत आणि ती धंतोली, रामदासपेठेसारख्या भागांत एकवटली आहेत. कर्करोगाचा डॉक्टर एकीकडे आणि वंध्यत्वाचा डॉक्टर दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. या दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्था नसेल, तर रुग्णाने ती स्वतः घालावी, अशी अपेक्षा उरते. ज्याला पर्यायच ठाऊक नाही, तो ती कशी घालणार?

गंमत अशी, की गोठविलेल्या बीजाची कल्पना ग्रामीण भागाला मुळीच नवी नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातील द्रवरूप नायट्रोजनचा डबा पशुपालकांच्या परिचयाचा आहे. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या गोठीत रेतमात्रा आणि त्यांच्या साहाय्याने होणारे कृत्रिम रेतन हा दुग्धव्यवसायाचा नित्याचा भाग झाला आहे. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची गोठीत रेतन प्रयोगशाळा खुद्द नागपुरात आहे. गाईसाठी जे सर्रास बोलले जाते, ते माणसाच्या बाबतीत घरात उच्चारलेही जात नाही.

तंत्र जुने आहे

हे शास्त्र काल-परवाचे नाही. शुक्राणू गोठवताना ग्लिसरॉल वापरल्यास ते टिकून राहतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखविले. गोठविलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याची नोंद १९५३ मध्ये अमेरिकेत झाली. भ्रूण गोठविण्याच्या इतिहासात तर भारताचे नाव अगदी वरचे आहे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी ही गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून झाली होती. त्या काळात त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला आणि हे तंत्र महाराष्ट्राच्या घराघरांत चर्चेचा विषय बनले.

स्त्रीबीजाने मात्र शास्त्रज्ञांना बराच काळ दाद दिली नाही. स्त्रीबीज ही शरीरातील आकाराने सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक असून, तिच्यात पाणी भरपूर असते. हळूहळू थंड केल्यास या पाण्याचे स्फटिक बनतात आणि पेशी फाटते. अतिशय वेगाने थंड करून पेशीतील द्रव काचेसारखा घट्ट करण्याची पद्धत रुळल्यावर ही अडचण दूर झाली. अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्त्रीबीज गोठविण्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. कर्करुग्णांशी या विषयावर उपचारापूर्वी बोलावे, अशी शिफारस तेथील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याही आधी, २००६ मध्येच केली होती.

वेळेचे गणित

सर्वच कर्करोगांत किंवा सर्वच औषधांनी अपत्यप्राप्तीची क्षमता जाते, असे नाही. सायक्लोफॉस्फामाईड, बुसल्फान यांसारखी औषधे, ओटीपोटावर दिले जाणारे रेडिएशन आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीचे तीव्र उपचार यांचा धोका मोठा असतो. स्त्रीजवळ जन्मतःच असलेला बीजांचा साठा पुन्हा भरून निघत नाही. त्यामुळे केमोथेरपीनंतर पाळी परत सुरू झाली, तरी साठा घटलेला असू शकतो. पुरुषांत शुक्राणू नव्याने तयार होत असले, तरी ते निर्माण करणाऱ्या मूळ पेशीच नष्ट झाल्यास ती प्रक्रिया कायमची थांबते.

पुरुषासाठी उपाय सोपा आहे. एक किंवा दोन दिवसांत नमुने देता येतात आणि केमोथेरपी लांबवावी लागत नाही. स्त्रीसाठी साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रोज हार्मोनची इंजेक्शने घ्यावी लागतात, सोनोग्राफीने बीजांची वाढ पाहिली जाते आणि शेवटी भूल देऊन बीजे काढली जातात. यासाठी पाळीच्या ठरावीक दिवसाची वाट पाहण्याची गरज आता राहिलेली नाही. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून लेट्रोझोल हे औषध सोबत दिले जाते.

पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्ये हा मार्ग चालत नाही. त्यांच्यासाठी अंडाशयाचा काही भाग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून गोठविणे आणि पुढे तो परत बसविणे, हा पर्याय आहे. अशा पद्धतीने पहिले मूल २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले. वयात न आलेल्या मुलांसाठी मात्र अंडकोषातील ऊती जतन करण्याचे काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. रक्ताच्या तीव्र कर्करोगात अनेकदा स्त्रीला दहा दिवसही देता येत नाहीत. तेथे जीव वाचविणे हेच पहिले काम ठरते आणि ते तसेच असले पाहिजे.

म्हणूनच सारी मदार निदानानंतरच्या पहिल्या पंधरवड्यावर आहे. रुग्ण आणि नातेवाईक तपासण्यांचे अहवाल गोळा करीत फिरतात, शिधापत्रिका आणि आधार कार्डाच्या प्रती जोडतात, योजनेच्या मंजुरीची वाट पाहतात, ते हेच दिवस. त्या दिवसांत कोणी एक वाक्य बोलले, तर वेळ पुरतो. पहिली केमोथेरपी झाल्यावर बोलले, तर बहुधा पुरत नाही.

विदर्भाच्या दृष्टीने या यादीत आणखी एका आजाराची भर घालावी लागते. सिकलसेल या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यावर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने शुक्राणूंची संख्या घटू शकते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने सिकलसेल बरा होऊ शकतो. पण त्यापूर्वीच्या औषधांनी प्रजननक्षमतेला धोका पोहोचतो. प्रत्यारोपण होणाऱ्यांत मुलेच अधिक असतात. म्हणजे आजार बरा करताना पुढच्या आयुष्यातील एक दार बंद होणार आहे काय, हा प्रश्न त्यांच्या आई-वडिलांपुढे उभा राहतो.

पैशाचे गणित

शुक्राणू गोठविण्याचा खर्च काही हजारांत भागतो. स्त्रीबीजांसाठी एका आवर्तनाला औषधांसह लाख-दीड लाख किंवा त्याहून अधिक रुपये लागतात. त्यानंतर दरवर्षी साठवणुकीचे शुल्क असते आणि पुढे बीज वापरायचे झाल्यास टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च वेगळा. एमआयडीसीतील कंत्राटी कामगाराच्या घरात ही रक्कम म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. तीही आजारपणाने कमाई थांबली असताना उभी करायची.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे केमोथेरपी, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया यांचा मोठा भार हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आयुष्मान भारतमधून वगळलेल्या बाबींत प्रजननाशी संबंधित प्रक्रियांचा समावेश आहे. खासगी आरोग्य विम्यातही वंध्यत्व आणि कृत्रिम प्रजनन या बाबी वगळण्याची तरतूद प्रमाणित कलमांत करून ठेवलेली आहे.

येथे एक मूलभूत गल्लत होते. कर्करुग्णाला भविष्यात येणारे वंध्यत्व हा त्याचा वेगळा आजार नाही. ते शासनाच्याच पैशाने दिलेल्या उपचाराचे, आधीपासून ठाऊक असलेले नुकसान आहे. केमोथेरपीने होणाऱ्या उलट्यांवर औषध देताना ते ‘वगळलेले’ आहे, असे कोणी म्हणत नाही. मग अपत्याच्या शक्यतेवर होणाऱ्या परिणामाला वेगळा न्याय का, याचे उत्तर धोरणकर्त्यांनी द्यायला हवे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०१३ मध्येच कर्करुग्णांना उपचारापूर्वी शुक्राणू, स्त्रीबीज वा भ्रूण जतन करण्याची सोय देण्याची शिफारस केली. भारताला सारे काही एकदम परवडणार नाही, हे खरे. पण पुरुषांच्या बाबतीत प्रश्न काही हजारांचाच आहे. सुरुवात तेथून करण्यास खजिन्याची अडचण सांगता येणार नाही.

कायद्यातील मोकळ्या जागा

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम २०२१ हा जानेवारी २०२२ पासून अमलात आला. केंद्रांची नोंदणी, दात्यांची वयोमर्यादा आणि बीजांच्या विक्रीवर बंदी अशा अनेक गोष्टी त्याने मार्गी लावल्या. मृत्यू झाल्यास किंवा निर्णयक्षमता गेल्यास बीजाचे वा भ्रूणाचे काय करायचे, याच्या लेखी सूचना घेतल्याशिवाय ते गोठविता येणार नाही, असे कलम २२ सांगते. मुंबईतील प्रकरणातला कागद हा या व्यवस्थेचाच भाग.

मात्र हा कायदा मुख्यतः मूल होत नसलेल्या विवाहित जोडप्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. त्यातील सेवांसाठी वयाची किमान मर्यादा २१ वर्षे आहे. कर्करोग वय पाहून येत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला किंवा एकोणीस वर्षांच्या मुलाला उपचारापूर्वी बीज जतन करायचे झाल्यास कोणी कशी संमती द्यायची, याची स्वच्छ वाट कायद्याने आखून दिलेली नाही. दात्याचे बीज आणि भ्रूण यांच्या साठवणुकीसाठी दहा वर्षांची कमाल मर्यादा आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झालेल्या विवाहितेला उपचार आणि त्यानंतरची पाच ते दहा वर्षे चालणारी हार्मोनची गोळी लक्षात घेतली, तर ही मुदत पुरेशी ठरेलच असे नाही. ब्रिटनने जुलै २०२२ पासून दर दहा वर्षांनी संमतीचे नूतनीकरण करून ५५ वर्षांपर्यंत साठवणुकीची मुभा दिली आहे.

मृत्यूनंतरच्या वापराबाबतही चित्र संदिग्ध आहे. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये एका शिक्षिकेच्या मृत मुलाच्या गोठविलेल्या वीर्यापासून सरोगसीद्वारे जुळी मुले जन्मली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. हा तरुण जर्मनीत शिकत असताना २०१३ मध्ये त्याला मेंदूतील गाठीचे निदान झाले आणि केमोथेरपीपूर्वी तेथेच वीर्य जतन करण्यात आले. आपल्या पश्चात त्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही त्याने नमूद केले होते. आज मात्र तोच मार्ग तसाच खुला नाही. सरोगसी कायद्यानुसार विवाहित जोडपे किंवा ३५ ते ४५ वर्षे वयाची विधवा वा घटस्फोटिता यांनाच सरोगसीचा आधार घेता येतो. आजी-आजोबांचा त्यात उल्लेख नाही. दुसरीकडे, दिल्ली उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी मृत अविवाहित मुलाचे गोठविलेले वीर्य त्याच्या आई-वडिलांना देण्याचा आदेश दिला. मृताची संमती दिसून येत असेल, तर अशा वापरास भारतीय कायद्यात मनाई नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले.

गोठविलेल्या भ्रूणाचे कायदेशीर वजन सर्वोच्च न्यायालयाच्या ९ ऑक्टोबर २०२५ च्या निकालातूनही दिसले. सरोगसी कायदा येण्यापूर्वीच ज्या जोडप्यांनी भ्रूण गोठवून प्रक्रिया सुरू केली होती, त्यांना नंतरची वयोमर्यादा लागू करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. न्यायालये एकेक प्रकरण सोडवीत आहेत. पण प्रत्येक कुटुंबाला उच्च न्यायालयाची पायरी चढणे शक्य नसते.

संकोचाची भिंत

कायदा आणि पैसा यांच्या इतकीच मोठी अडचण घरातली आहे. लग्नाआधी मुलीच्या स्त्रीबीजांचा विषय काढणे अनेक घरांत अशोभनीय मानले जाते. कर्करोग झाला, ही गोष्टच स्थळ येण्याच्या भीतीने लपविली जाते. त्यात आणखी एका केंद्राची चिठ्ठी नको, असा विचार होतो. अविवाहित मुलीच्या तपासणीविषयी आई-वडिलांच्या मनात संकोच असतो. मुलाच्या बाबतीत वडील आणि डॉक्टर दोघेही अवघडतात. परिणामी ज्याचे आयुष्य आहे, त्याला सोडून बाकी सर्वांच्या संकोचावर निर्णय ठरतो.

विवाहितेच्या बाबतीत पेच निराळा आहे. भ्रूण गोठवायचे तर त्यावर पती-पत्नी दोघांचा अधिकार येतो आणि पुढे दोघांची संमती लागते. आजारपणानंतर संसार मोडल्यास ते भ्रूण निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. केवळ स्त्रीबीज गोठविल्यास निर्णय तिच्या हातात राहतो. हा फरक सही करण्यापूर्वी तिला एकटीला, तिच्या भाषेत समजावून सांगणे आवश्यक आहे. सासरच्या माणसांच्या घोळक्यात विचारलेल्या प्रश्नाला मिळालेली मान म्हणजे संमती नव्हे.

जाहिरात आणि गरज

या विषयाची दुसरी बाजू शहरांत दिसते. अभिनेत्री आणि माजी विश्वसुंदरी डायना हेडन हिने काही वर्षे आधी गोठविलेल्या स्त्रीबीजापासून जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत कन्येला जन्म दिला. फेसबुक आणि ॲपलने २०१४ मध्ये अमेरिकेतील आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा खर्चाची तरतूद देऊ केली. करिअर, उशिरा होणारे विवाह यांमुळे निरोगी तरुणीही या पर्यायाचा विचार करू लागल्या आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र गोठविलेले बीज म्हणजे मुलाची हमी नव्हे. किती वयात आणि किती बीजे जतन केली, यावर यश अवलंबून असते आणि पस्तिशीनंतर ते घटत जाते. जाहिरातींत हे वाक्य बारीक अक्षरात असते.

निरोगी तरुणीला विचार करण्यास वेळ असतो. कर्करुग्णाला तो नसतो. त्यामुळे या दोन गरजांना एकाच तागडीत तोलून, ही सारी श्रीमंतांची हौस आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

काय करता येईल

यासाठी फार मोठ्या घोषणांची गरज नाही. पन्नाशीच्या आतील प्रत्येक कर्करुग्णाच्या केस पेपरवर ‘अपत्याविषयी विचारले काय’ अशी एक ओळ छापून घेता येईल. हिंगण्यातील रुग्णालयांपासून मेडिकलपर्यंत प्रत्येक ठिकाणी, अशा रुग्णाला दोन दिवसांत कोठे पाठवायचे, हे आधीच ठरवून ठेवता येईल. संमतिपत्र मराठीत, सोप्या शब्दांत आणि शक्य तेथे समुपदेशकासमोर भरून घेता येईल. मृत्यूनंतरच्या पर्यायावर खूण करण्यापूर्वी रुग्णाला एक रात्र विचार करू देता येईल. शासकीय योजनेत कर्करुग्ण आणि प्रत्यारोपणाचे रुग्ण यांच्यापुरती तरी बीज जतन करण्याची तरतूद करता येईल. एकवीस वर्षांखालील रुग्णांसाठी कायद्यात स्पष्ट कलम घालणे हे केंद्र सरकारचे काम आहे.

बहुतेक रुग्ण हा पर्याय स्वीकारणार नाहीत, हेही शक्य आहे. कोणाला दोन मुले असतील, कोणाला आणखी इंजेक्शने नको असतील, कोणाला पैसा दुसऱ्या औषधासाठी राखून ठेवायचा असेल. तो त्यांचा अधिकार आहे. पण नकार देण्यासाठीसुद्धा प्रश्न आधी विचारला जावा लागतो. कर्करोगातून बरे होणाऱ्या तरुणांची संख्या वाढत आहे, ही आनंदाची बाब. त्यांच्यापैकी कोणी दहा वर्षांनी, ‘मला तेव्हा कोणी सांगितले का नाही?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर कोणत्याही न्यायालयाला देता येणार नाही.